छोट्या प्लेट्सच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताय? या चुका टाळा

आईच्या साठाव्या वाढदिवसाला आम्ही पाच जण लोअर परळच्या छोट्या प्लेट्सच्या, म्हणजे थोडे थोडे पदार्थ मागवून सगळ्यांनी वाटून खायच्या, एका नव्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. पदार्थ उत्तम होते, जेवण मात्र फसलं. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं आणि त्याखाली घट्ट दह्याचा थर, ही चव अजून आठवते. कैरी घातलेली कोळंबी, मशरूमची गलौटी, म्हणजे मऊसूत कबाब, तेही छान. पण दहा-बारा मिनिटांत सात प्लेट्स टेबलावर येऊन पडल्या. कोळंबीकडे वळेपर्यंत ती गार झाली होती, वांग्याबरोबरचा पाव आधीच संपला होता आणि शाकाहारी आईच्या वाट्याला फारसं काही उरलं नव्हतं. नंतर गोड यायला मात्र पाऊण तास लागला.

त्यानंतर अशा ठिकाणी बऱ्याचदा गेले. काही चुका तिथल्या स्वयंपाकघराच्या असतात, पण बऱ्याचशा आपल्याला टाळता येतात.

सगळी ऑर्डर एकदम देऊ नका

सर्वांत मोठी चूक हीच. आपल्या पंगतीत क्रम ठरलेला असतो. आधी वरणभात, त्यावर तूप आणि लिंबू, शेवटी ताकभात किंवा मठ्ठा. हा क्रम वाढपी सांभाळतो, त्यामुळे जेवणाऱ्याला त्याचा विचार करावा लागत नाही. छोट्या प्लेट्सच्या ठिकाणी हे काम कुणीच करत नाही. ऑर्डरची चिठ्ठी, म्हणजे केओटी, आत गेली की प्रत्येक विभाग आपापला पदार्थ करतो आणि जो तयार होईल तो बाहेर येतो. थंड पदार्थाला चार मिनिटं पुरतात, तळणाला सात-आठ, भट्टीतल्याला पंधरा. म्हणून सुरुवातीला टेबल भरून जातं आणि नंतर रिकामं पडतं.

ही पद्धत बरीचशी आली ती स्पेनच्या तापस बारमधून. तिथे लोक एका बारमध्ये दोन पदार्थ घेतात, खातात आणि पुढच्या बारमध्ये जातात. एका बैठकीत दहा पदार्थ मागवायची ती रीतच नव्हे. तेव्हा आपणही फेऱ्यांनी मागवावं. पहिल्या फेरीत दोन थंड आणि एक तळलेला पदार्थ, तो संपत आला की पुढची फेरी. ‘थोड्या वेळात ऑर्डर बंद होईल’ असं सांगून कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणारा, सगळं एकदम द्यायचा आग्रह करत असेल, तर ऑर्डर पूर्ण द्या, पण स्पष्ट सांगा: ‘हे तीन आधी पाठवा, बाकीचे मी सांगेन तेव्हा करायला घ्या.’ चांगल्या ठिकाणी हे आनंदाने ऐकतात. तरीही सगळं एकदम यायला लागलं, तर तिसऱ्या प्लेटलाच हात वर करा. सातवी प्लेट आल्यावर सांगून काही उपयोग नसतो.

नग विचारा

‘एका प्लेटमध्ये किती नग येतात?’ हे विचारायला आपण उगाच लाजतो. पाच माणसं आणि तीन डंपलिंग म्हणजे कुणीतरी न खाताच ‘मला नको’ म्हणणार, आणि आपल्या घरांत ते बहुतेक आईच म्हणते. बऱ्याच ठिकाणी दोन नग वाढवून, त्याचे जास्तीचे पैसे लावून देतात. माणशी दोन ते अडीच प्लेट्स धरा आणि त्यात पोट भरणारं काहीतरी असू द्या: पाव, भात किंवा नूडल्स. पाव सुरुवातीलाच जास्तीचा मागवा.

शाकाहाराबद्दल ‘चालेल ना?’ एवढंच विचारणं पुरत नाही

हे मी फार मनावर घेते. हिरवा ठिपका मेन्यूवर असतो, पण टेबलावर आलेल्या वाटीला तो नसतो. किमचीत बऱ्याचदा माशाचा सॉस असतो, थाई करीच्या वाटणात बहुतेकदा कोळंबीची पेस्ट असते, वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा, आणि अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. म्हणून नेमकं विचारा: ‘यात माशाचा सॉस आहे का? तळणाचं तेल वेगळं आहे का?’ शेंगदाणे, काजू किंवा तिळाची अ‍ॅलर्जी असेल, तर मेन्यू उघडण्याआधी सांगा, कारण सजावटीला वरून काय भुरभुरतील याचा भरवसा नसतो. टेबलावर शाकाहारी माणूस असेल, तर त्याच्या प्लेट्स आधी ठरवा, बाकीच्यांच्या नंतर.

पदार्थ बिघडलेला असेल, तर पहिल्या घासालाच सांगा

अर्धी प्लेट संपवून तक्रार केली की ती आवडीनिवडीची वाटते. ‘आवडलं नाही’ म्हणण्यापेक्षा ‘कोळंबी आतून कच्ची आहे’ किंवा ‘हे गार आलंय’ असं सांगा. त्यावर काय करायचं ते स्वयंपाकघराला कळतं.

आणि बिल

पैसे देण्याआधी बिल वाचा. सेवाशुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला मार्गदर्शक तत्त्वं काढून ते बिलात आपोआप लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ला ती उचलून धरली. रक्कम लावलेली दिसली तर शांतपणे काढायला सांगा. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जेवणावरचा जीएसटी साधारणपणे ५ टक्के असतो आणि बिलात अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो. मद्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे ते वेगळं मांडलंय ना, ते पाहा. सेवा मनापासून आवडली असेल, तर वाढणाऱ्याच्या हातात टिप द्या.

गेल्या महिन्यात त्याच रेस्टॉरंटमध्ये आईला पुन्हा घेऊन गेले. या वेळी आम्ही तिघंच होतो. आधी वांगं आणि दोन जास्तीचे पाव मागवले, ते संपल्यावर गलौटी, मग भात. मधे एकदा टेबलावर दहा मिनिटं काहीच नव्हतं, आणि त्या वेळात आई तिच्या आजोळच्या चुलीवरच्या भरताबद्दल बोलत होती.