पहाटेची चंद्रकोर टिपताना या चुका टाळा

१९ सप्टेंबर २०२५, भाद्रपद वद्य त्रयोदशी. पूर्वेला शुक्राची चांदणी, तिला चिकटून मघाचा तारा आणि वरच्या अंगाला बारीक चंद्रकोर. मी गच्चीवर चाळीसेक फोटो काढले. घरात येऊन पाहिलं तर कोरीच्या जागी पांढरा ठिपका, जणू कुणी चुना फासलाय.

चूक साधी होती. बाहेर अंधार म्हणून कॅमेरा ऑटोवर ठेवला आणि त्यानं सगळं आभाळ उजळायला घेतलं. पण कोरीवर तर लख्ख ऊन पडलेलं असतं! मॅन्युअल मोड लावा, म्हणजे सगळं आपल्या हातानं ठरवता येतं. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र), शटर १/१०० सेकंदाच्या आसपास सुरुवात करा आणि स्क्रीनवर कोर मोठी करून बघा. कडा जळालेली दिसली तर शटर आणखी जलद करा. कोरीच्या आतला राखाडी गोल, म्हणजे पृथ्वीवरून चंद्रावर पडलेला उजेड, हवा असेल तर आयएसओ ८०० करून अर्धा ते एक सेकंद द्यावा लागतो. तेव्हा कोर जळणारच. दोन्ही एका फोटोत मागू नका, वेगळे काढा.

वेळ वाढवायलाही मर्यादा आहे. आभाळ तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे चंद्र जेमतेम दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. २०० मिमीच्या लेन्सवर एक सेकंदाच्या वर गेलात की शुक्राचा ठिपका लांबट होऊन तांदूळ होतो.

फोकस लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर सोडू नका, ती बऱ्याचदा थोडी चुकते. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, शुक्र दहापट मोठा करा, रिंग फिरवत तो सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबा. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचं सावरणारी सोय) बंद, बटण बोटानं न दाबता दोन सेकंदांचा टायमर.

मोबाइलवाल्यांनी चंद्रावर बोट दाबून फोकस लॉक करावा आणि उजेडाची पट्टी खाली ओढावी. डिजिटल झूमच्या नादी लागू नये.

आणि साडेचारलाच जाऊन बसायची गरज नाही. मिट्ट काळ्या आभाळात नुसते ठिपके येतात. सूर्योदयाआधी पाऊण तास ते पंचवीस मिनिटं, निळाई उतरते तेव्हा समोरच्या इमारती, नारळाची झाडंही फोटोत येतात.

एसीच्या खोलीतला कॅमेरा थेट गच्चीवर नेलात तर काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका, पुन्हा धरते. अर्धा तास आधी बॅगेसकट बाहेर ठेवा, तोवर चहा होतो.