पुन्हा एन्कोड न करता व्हिडिओचा फ्रेम रेट कमी करणे

सेकंदाला 60 फ्रेमने चित्रित केलेला व्हिडिओ 30 वर आणायचा, पण चित्राच्या दर्जाला जराही धक्का लागू द्यायचा नाही, म्हणून पुन्हा एन्कोड (उघडून नव्याने संकुचित) करायचे नाही, अशी गरज अनेकांना पडते. त्यासाठी एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या व्हिडिओ साधनात ‘सी कॉपी’ (आहे तसे कॉपी करा) या पर्यायाच्या जोडीला फ्रेम रेटचा ‘आर 30’ हा पर्याय लिहून पाहिले जाते आणि फाइल होती तेवढीच राहते. कॉपी करताना एन्कोड झालेल्या फ्रेम न उघडता नव्या फाइलमध्ये ठेवल्या जातात, त्यामुळे ‘आर’ एकही फ्रेम गाळत नाही.

कोणती फ्रेम गाळता येईल हे व्हिडिओ एन्कोड झाला तेव्हाच ठरलेले असते, म्हणून आधी एफएफप्रोब या एफएफएमपेगसोबतच्या, फाइलची माहिती दाखवणाऱ्या साधनाने फ्रेमचे प्रकार पाहावेत. एच 264 या नेहमीच्या संकुचन पद्धतीच्या फाइलमध्ये आय, बी, बी, पी, बी, बी, पी अशी काहीशी रांग दिसते. आय फ्रेम स्वयंपूर्ण असते, तर पी आणि बी फ्रेम इतर फ्रेमच्या आधाराने उभ्या राहतात. मधली एक पी काढली, तर पुढची आय येईपर्यंत चित्रात चौकोनी ठिगळे दिसतात आणि हलणाऱ्या वस्तूंचे रंग ओघळू लागतात.

एमजेपेग किंवा प्रोरेस या पद्धतींच्या फाइलमध्ये मात्र प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण असल्याने एकाआड एक फ्रेम निर्धास्तपणे काढता येते. त्यासाठी ‘नॉइज’ हा बिटस्ट्रीम फिल्टर (फ्रेम न उघडता एन्कोड झालेल्या डेटावर काम करणारा) फक्त व्हिडिओला लावून त्याच्या ‘ड्रॉप’ पर्यायात फ्रेमच्या क्रमांकाला 2 ने भागून उरणारी बाकी द्यावी, म्हणजे विषम क्रमांकाच्या फ्रेम गळतात. उरलेल्या फ्रेमच्या वेळा बदलत नाहीत, त्यामुळे आवाजाचा मेळ टिकतो.

एच 264 मध्ये ज्या बी फ्रेमचा आधार दुसरी कोणतीही फ्रेम घेत नाही, तेवढ्याच निर्धोकपणे काढता येतात. एफएफएमपेगच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘फिल्टर युनिट्स’ या बिटस्ट्रीम फिल्टरला ‘डिस्कार्ड’ पर्यायासाठी ‘नोरेफ’ हे मूल्य दिले की हे काम होते, परंतु अशा फ्रेम समान अंतरावर असतीलच असे नाही आणि हालचाल अडखळत दिसू शकते. सीसीटीव्हीच्या लांबलचक चित्रणावर भरभर नजर टाकायची असेल, तर इनपुट फाइलच्या नावाआधी ‘डिस्कार्ड नोकी’ लिहून एमपी 4 फाइलमधल्या केवळ की-फ्रेम (स्वयंपूर्ण फ्रेम) ठेवता येतात.

व्हिडिओ संथ झालेला चालत असेल, तर सर्वांत स्वच्छ उपाय ‘आयटीएसस्केल 2’ हा फ्रेमच्या वेळा दुप्पट करणारा पर्याय आहे. तोही इनपुटच्या आधी लिहावा आणि ‘ए एन’ देऊन आवाज वगळावा. सगळ्या फ्रेम कायम राहतात, 60 चा दर 30 होतो आणि एका मिनिटाचे चित्रण दोन मिनिटे चालते.

मोबाइलवरचे 60 फ्रेमचे एच 264 चित्रण तेवढ्याच कालावधीत आणि एकसारख्या गतीने 30 वर हवे असेल, तर माझ्या मते पुन्हा एन्कोड करणेच योग्य. ‘एफपीएस’ फिल्टर लावून एक्स 264 या एच 264 एन्कोडरला सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) 18 दिल्यास दर्जातला फरक सहसा डोळ्यांना जाणवत नाही.