उन्हाळ्यात गोबरगॅस बंद पाडू नका, ऑक्टोबरात धान त्यामुळेच जातं

मार्च लागला, धानाची मळणी कधीच आटोपली, धुऱ्यावरची तूरही निघाली, आणि आता आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, दरवर्षी होतं तेच परत होणार म्हणून आत्ताच लिहितोय. गुरं मोकळी सोडली की शेण कमी येतं, विहिरीचं पाणी खाली जातं, मग गोबरगॅसमध्ये शेणकाला (शेण-पाण्याचं मिश्रण) टाकणं बंद, "पावसाळ्यात बघू" म्हणतात. पावसाळ्यात धानाची रोवणी (रोपं लावणं) लागते, मग कोणी बघत नाही. शेणकाल्यावरची साय वाळून कडक होते, गॅस साठवणारा ड्रम गंजतो आणि घरच्या बाया परत जंगलात मोळीला.

याचा धानाशी काय संबंध विचाराल तर सांगतो. मोळी कोणी हौसेनं लांबून आणत नाही, तलावाच्या वरच्या अंगाची झाडंझुडपंच आधी तुटतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून साडेसहा हजारांच्या वर मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आहेत, आपलं बरंच धान त्यांच्याच भरवशावर. वरचा उतार उघडा पडला की पहिल्या जोराच्या पावसात माती थेट तलावात. ऑगस्टात तलाव भरलेला दिसतो पण खोलीच राहिलेली नसते, आणि पाऊस लवकर गेला की भारी (उशिरा येणारं) धान नेमकं निसव्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, तुडुमातून (तलावाच्या पाणी सोडायच्या तोंडातून) पाणी येत नाही. उभं हिरवं धान, लोंब बाहेर आलेली आणि दाणा पोचट, हे मी एकदा नाही, कितीतरी हंगाम पाहिलंय. 2017 पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आहे, गाळ जरूर काढा, शेतात टाका, पण वरची झाडं तुटतच राहिली तर चार-पाच पावसाळ्यांत परत तेच.

म्हणून गोबरगॅस. 2 घनमीटरच्या प्लांटला रोज 50 किलो शेण आणि तितकंच पाणी, म्हणजे गोठ्यात 4-5 जनावरं. एक घनमीटर गॅस साधारण साडेतीन किलो लाकडाचं काम करतो, म्हणजे रोज 7 किलो, महिन्याला 2 क्विंटल लाकूड वाचलं. हा सरकारी हिशेब झाला. आता माझा अनुभव ऐका, उन्हाळ्यात उष्णतेनं गॅस चांगला सुटतो, थंडीत जितकं शेण लागतं तितकं लागत नाही, त्यामुळे निम्मं शेण मिळालं तरी रोज टाका, पण खंड पाडू नका. गुरं दिवसा मोकळी असली तरी रात्री गोठ्यात बसतात ना, ते शेण सकाळी आधी प्लांटला, गोवऱ्या नंतर. पाणी कमी असेल तर बाहेर आलेल्या स्लरीचं (गॅस निघून उरलेल्या शेणकाल्याचं) वरचं पातळ पाणी थोडं परत वापरा, गोमूत्रही चालतं. साबणाचं, फिनाईलचं पाणी मात्र थेंबभर नको.

आणि दुकानदार "गॅस वाढवायची पावडर" देईल, ती घेऊ नका. शेणात जिवाणू असतातच. बंद प्लांट सुरू करायचा तर शेजारच्या चालू प्लांटची चार-पाच बादल्या स्लरी आणून टाका, फुकटात काम होतं. पाचशे-हजाराची पाकिटं टाकून काहीच फरक न पडलेले लोक मला माहीत आहेत.

या महिन्यात करायचं:
- ड्रम रोज फिरवणं, साय फोडणं
- पाइपातलं साचलेलं पाणी काढणं
- गळती साबणाच्या फेसानं बघणं, काडी पेटवून कधीच नाही
- ड्रमला काळा रंग, वर्षातून एकदा
- स्लरीचा खड्डा सावलीत
- प्लांटच्या रिकाम्या खड्ड्यात कोणी उतरायचं नाही, आतल्या वायूनं माणूस मरतो

स्लरी धानाला हेक्टरी 10 टन शेवटच्या वखरणीआधी. शिफारशीची खतमात्रा हेक्टरी 100:50:50 किलो नत्र, स्फुरद, पालाश आहे, स्लरी टाकली की युरियाची एखादी बॅग कमी करून बघा, आधी एकाच बांधीत (धानाच्या एका तुकड्यात).

तुराट्या (तुरीची वाळलेली खोडं) शेतात जाळू नका, हे तर हात जोडून सांगतो. आपणच धुऱ्यावर तुराट्या पेटवतो आणि दोन दिवसांनी सरपणाला जंगलात जातो. बांधून, पावसापासून झाकून ठेवा. ओलं लाकूड जाळणं बंद करा, भांड्यावर झाकण ठेवा, डाळ भिजवून शिजवा, एवढ्यानंही सरपण बरंच कमी लागतं.

कोळशाचं म्हणाल तर ढाब्यांना कोळसा विकणाऱ्या पोरांनाही सांगा, एक किलो कोळशामागे पाच-सहा किलो लाकूड जातं. पुण्याच्या आरती संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला, 2002 मध्ये त्यासाठी ॲशडेन पुरस्कारही मिळाला. ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांनी पाचट जाळण्याआधी हे बघावं.

ब्रह्मपुरी, ताडोबा बाजूच्या लोकांनो, सध्या मोहफुलाचे दिवस, वाघही त्याच रानात. बायांना पहाटे एकट्या सोडू नका, मोळीसाठी तर नकोच. उज्ज्वलाचं सिलिंडर रिकामं पडलं असेल तर निदान या दोन महिन्यांत तरी भरून आणा.

जूनसाठी आत्ताच ठरवा, बांधावर गिरिपुष्पाची झाडं. मीटरभर लांबीच्या कांड्या पहिल्या पावसात लावा, पाला चिखलणीत खत म्हणून, काड्या चुलीला. नर्सरीवाल्याकडून महाग रोपं कशाला, गावात कुणाच्या तरी कुंपणाला ते असतंच, कांड्या मे संपताना मागून ठेवा.