माईक न लावता ट्यूब ॲम्पचा चांगला टोन थेट लाईनमधून कसा घ्यायचा

फ्लॅटमध्ये गिटारचा ट्यूब ॲम्प (व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर) ठेवणाऱ्यांचं दुखणं एकच, ॲम्प खरा खुलतो तो आवाज चढवल्यावर, आणि आवाज चढवला की शेजारी दारात. मग माईक सोडून थेट लाईन, म्हणजे ॲम्पमधून वायरनेच रेकॉर्डिंगला सिग्नल, घ्यायची धडपड सुरू होते, पातळ किरकिरा टोन निघतो आणि लोक ठरवून टाकतात की ट्यूब ॲम्प डायरेक्ट वाजतच नाही. वाजतो हो, मस्त वाजतो, फक्त सिग्नल कुठून उचलताय आणि त्याच्यापुढे काय लावताय यावर सगळा खेळ आहे. उदाहरणाला फेंडर ब्लूज ज्युनियर घेऊ. १५ वॅट, दोन ईएल८४ पॉवर ट्यूब, तीन १२एएक्स७ छोट्या ट्यूब, ८ ओहमचा एकच १२ इंची स्पीकर, आणि मागे ना इफेक्ट्स लूप (बाहेरचे इफेक्ट जोडायचे सेंड-रिटर्न जॅक) ना लाईन आउट, म्हणजे सगळ्यात अवघड केस.

पण त्याआधी एक गोष्ट नीट वाचा. ट्यूब ॲम्प लोडशिवाय, म्हणजे स्पीकर किंवा त्याच्याजागी तेवढाच भार जोडल्याशिवाय, कधीच वाजवायचा नाही. स्पीकरची पिन काढली आणि तिथं काहीच लावलं नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला जायला वाट राहत नाही, व्होल्टेज प्रचंड चढतं आणि ट्रान्सफॉर्मर नाहीतर ट्यूबचं सॉकेट जळू शकतं. आणि स्पीकर आउट सरळ ऑडिओ इंटरफेसमध्ये (सिग्नल कॉम्प्युटरला देणारा डबा) तर चुकूनही घालायचा नाही, १५ वॅट ८ ओहमवर म्हणजे साधारण ११ व्होल्ट होतात, आणि स्टुडिओची लाईन लेव्हल असते जेमतेम १.२३ व्होल्ट.

म्हणून मधे लोड बॉक्स हवा, म्हणजे स्पीकरऐवजी ॲम्पची ताकद पचवणारा आणि लाईन लेव्हलचा सिग्नल देणारा डबा. स्पीकरची पिन काढून त्याच जॅकमधून लोड बॉक्समध्ये, ओहम जुळवून, इथं ८ ला ८. वॅटेज ॲम्पच्या किमान दुप्पट घ्या, कारण पूर्ण खेचलेला १५ वॅटचा ॲम्प कागदावरच्या १५ वर थांबत नाही. आता रेझिस्टिव्ह (नुसता रेझिस्टर) की रिॲक्टिव्ह (खऱ्या स्पीकरसारखा वागणारा)? जमत असेल तर रिॲक्टिव्हच घ्या. खरा स्पीकर सगळीकडे ८ ओहम नसतोच, खाली १०० हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) एकदम वर उसळतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला परत चढत जातो, आणि ट्यूब पॉवर ॲम्प त्या चढउताराला प्रतिसाद देतो. तो बेसचा धक्का, ती वरची चमक तिथूनच येते. साध्या रेझिस्टरवर तोच ॲम्प सपाट आणि बोटाखाली कडक लागतो, नंतर ईक्यूने थोडं भरून काढता येतं पण बोटाखालचा फील काही येत नाही.

केबलचं बघा, कारण दोन्ही दिसतात सारख्याच. ॲम्प ते लोड बॉक्स स्पीकर केबल, जाड आणि बिनशील्डची. लोड बॉक्सच्या लाईन आउटपासून इंटरफेसपर्यंत मात्र शील्डवाली, शक्यतो बॅलन्स्ड. इंटरफेसवर इनपुट लाईनवर ठेवा, इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड बंद. सगळ्यात जोरात वाजवताना पीक -१२ डीबीच्या आसपास राहू द्या, २४ बिटवर याहून गरम रेकॉर्ड करायची काही गरज नाही. हम (सततचा घूं आवाज) येत असेल तर ग्राउंड लिफ्टचं (सिग्नल केबलची अर्थ तोडणारं) बटण दाबून बघा, पण ॲम्पच्या मेन्सची अर्थ पिन काढायची नाही, ते जिवावरचं आहे.

ज्यांच्या ॲम्पला इफेक्ट्स लूप आहे ते सेंडमधून लाईन घेतात, चालतं, पण ती फक्त प्रीॲम्प (ॲम्पचा पहिला टप्पा) आहे, त्याच्या पुढचे फेज इन्व्हर्टर आणि पॉवर ट्यूब त्यात आल्याच नाहीत. हाय गेनवाल्यांना (जबरदस्त डिस्टॉर्शन वापरणाऱ्यांना) हे पुरतं, ब्लूज वाजवणाऱ्यांना नाही. आणि तेव्हाही स्पीकर किंवा लोड लावलेलाच हवा. मार्शल डीएसएल२० सारख्याला आतूनच कॅबचा (स्पीकरच्या पेटीचा) आवाज धरलेला लाईन आउट येतो, घाईत बरा.

आता टोन. लोड बॉक्समधून येणारा कच्चा सिग्नल नुसता ऐकलात तर बाटलीत माशी अडकल्यासारखा ऐकू येतो, घाबरू नका. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं झपाट्याने कापतो आणि ते काम अजून कुणी केलेलंच नाहीये. ते करतो आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स), म्हणजे फाइलमध्ये साठवलेला कॅब आणि माईकचा ठसा. इग्नाइट ॲम्प्सचा नॅडआयआर हा ती फाइल चालवणारा फुकट प्लगइन पुरेसा आहे. लोड बॉक्समध्ये आधीच कॅब सिम (कॅबची नक्कल) चालू असेल तर एकच ठेवा, दोन कॅब एकावर एक चढल्या की टोन गोधडीखाली जातो.

माझं ठाम मत, ॲम्पचे नॉब फिरवत बसण्यापेक्षा वेळ आयआर निवडण्यात घाला. एकाच सेलेस्चन ग्रीनबॅक स्पीकरवर एसएम५७ माईक मधोमध असलेला आयआर लावा आणि उघड्या जी स्ट्रिंगवर पिक मारा, पिकचा टक्क आवाज पुढे येतो. मग तोच माईक कोनच्या कडेकडे सरकलेला आयआर लावा, टक्क मागे जातो आणि तारेचा लाकडी नाद ऐकू यायला लागतो. दोन आयआर मिसळणार असाल तर एकाचा फेज उलटा करून बघा, ज्या बाजूला आवाज भरीव तीच ठेवा.

ब्लूज ज्युनियरवर मास्टर पूर्ण, आणि व्हॉल्यूमने ठरवा आवाज किती फुटायला (डिस्टॉर्ट व्हायला) हवा. ॲम्पचा रिव्हर्ब शून्यावर, कारण तो पॉवर ट्यूबच्या आधी येतो आणि मास्टर चढला की त्याचाही चिखल होतो, रिव्हर्ब आयआरच्या नंतर घाला. मग ८० हर्ट्झच्या खाली आणि ७-८ किलोहर्ट्झच्या वर हलकं कापा, आणि थोडी रूम (खोलीचा घुमारा) द्या, नाहीतर हेडफोनवर गिटार कानाच्या आत वाजत राहते. बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा घेतो तो) १२८ सॅम्पल्स किंवा कमी, ४८ किलोहर्ट्झवर १२८ म्हणजे २.७ मिलिसेकंद, प्लस इंटरफेसचा थोडा, वाजवताना जाणवत नाही. आणि रेकॉर्ड करताना आयआरशिवायचा कच्चा ट्रॅकच साठवा, आयआर फक्त ऐकण्यापुरता प्लगइनमध्ये, म्हणजे मिक्सच्या वेळी ड्रम्स आणि बेस आल्यावर कॅब बदलायची मुभा राहते.