कपड्यांच्या चिमट्यांनी रंगांची ओळख

"हा कुठला रंग?" विचारलं की आमची अडीच वर्षांची भाची कशालाही बेधडक "लाल!" म्हणायची. तक्ता दाखवून उपयोग झाला नाही. एकदा कपडे वाळत घालताना तिने चिमट्यांची टोपलीच पळवली, आणि उपाय हाती लागला.

१. लाल आणि पिवळा, दोनच रंगांचे चार-चार चिमटे घ्या. हिरवा-निळा एकदम नको, तिथे हमखास गोंधळ होतो.
२. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, कडेला त्या-त्या रंगाचा खडू फिरवा.
३. चिमटा हातात देताना म्हणा, "हा पिवळा चिमटा. पिवळ्यावर लाव." विचारायचं काही नाही, नुसतं नाव घ्यायचं.
४. दोन-तीन दिवसांनी "पिवळा चिमटा दे" म्हणून बघा. तो बरोबर आला की मगच "हा कुठला?"

नवे चिमटे चिमुकल्या बोटांनी दाबले जात नाहीत. वापरून सैल झालेले घ्या. पट्टी तुम्ही धरा, म्हणजे पोराचे दोन्ही हात मोकळे राहतात.

सुरुवातीला वस्तू बदलू नका. पिवळा चिमटा, पिवळी वाटी, पिवळं झाकण हे आपल्याला एकच वाटतं, पोराला ते तीन वेगळे शब्द ऐकू येतात. लाल मात्र सगळीकडे लालच. भाचीला तोच का आवडायचा, ते बहुतेक यातच आलं!

चिमट्याची तार निसटली की ती थेट तोंडात जाते. तुटका चिमटा लगेच फेका आणि खेळ संपेपर्यंत जवळून उठू नका.