पोराला ‘सरळ करायला’ भरतीला आणताय? आधी या चुका टाळा

रिटायर झाल्यापासून पहाटे पोरांना ग्राउंडवर पळवतो. दर सीझनला एक तरी बाप येतोच, "सर, घरात ऐकत नाही हो, मागं हातावर ब्लेड मारून घेतलं होतं, तुम्ही आर्मीत टाका म्हणजे सरळ होईल."

अहो, आर्मी म्हणजे सुधारगृह आहे का? अग्निवीरचं ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं, झोप कमी, घर लांब, वरून उस्तादांच्या (ट्रेनिंग देणाऱ्यांच्या) शिव्या आणि हातात रायफल. चार वर्षं मनात आलं म्हणून सोडून येता येत नाही, अगदीच अपवाद असेल तर गोष्ट वेगळी. चांगल्या धडधाकट जवानांनाही हे जड जातं, म्हणून तर २०२३ च्या डिसेंबरात पुण्यात एएफएमसीला (सैन्याच्या मेडिकल कॉलेजात) सैन्यासाठी टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, वेगळा सेल सुरू झाला. आणि तुमचं साडेसतराचं पोरगं, जे घरात आईजवळ असून सावरत नाही, ते तिथं एकटं सावरेल म्हणता?

दुसरी चूक, जिच्यावर माझं डोकंच फिरतं, ती म्हणजे भरतीच्या मेडिकल तपासणीच्या तोंडावर मानसिक आजाराच्या गोळ्या बंद करणं. एक पोरगं होतं माझ्याकडं, १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदात, सोन्यासारखं. डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, मला पत्ता नाही. कुणीतरी शहाण्यानं सांगितलं की रक्तात औषध सापडतं, यानं एका दिवसात सगळं बंद. चार दिवसांत झोप गेली, चक्कर यायला लागली, डोक्यात करंट लागल्यासारखं होतंय म्हणायला लागला आणि मी मूर्ख, ऊन लागलं असेल म्हणून पाणी पाजून परत पळवला. तिसऱ्या राउंडला खाली बसून हमसून हमसून रडला. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी गोळ्या परत चालू केल्या, भरतीची रॅली हुकली, आणि पोरगं माझ्यावरच चिडलं.

तेव्हापासून नवीन पोरगं आलं की त्याला वेगळं आणि आईला वेगळं बसवून विचारतो, गोळी चालू आहे का, झोप लागते का. बापाला विचारत नाही, बाप ‘काही नाही’च म्हणतो.

तिसरी चूक, लपवाछपवी. मेडिकलला झोपेत चालणं, अंथरूण ओलं करणं इथपर्यंत विचारतात, आणि हातावरच्या एकसारख्या आडव्या खुणा बघून ‘काच लागली’ हे त्या डॉक्टरांनी शंभरदा ऐकलेलं असतं. खोटं नंतर उघडं पडलं तर नोकरी जाते. मानसिक आजाराचा इतिहास असेल तर बहुतेक वेळा अनफिटच होतं, कडू आहे पण तीन वर्षं ग्राउंडवर घालवायच्या आधी ऐकलेलं बरं.

‘सेटिंग’वाल्याला पैसे देऊ नका.

परीक्षेच्या टेन्शननं दोनदा काउन्सिलरकडं गेला म्हणून स्वतःच अनफिट ठरवून घरी बसू नका, नेमकं काय होतं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. अनफिट दिलं तर मिलिटरी हॉस्पिटलात रिव्ह्यू होतो, दिलेल्या मुदतीत जा.

आणि रिजेक्ट झालेल्या पोराला त्या रात्री एकटं सोडू नका. टेली मानसचा १४४१६ फुकट आहे, रात्रीही लागतो, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

गोळ्या बंद केलेलं ते पोरगं अजून येतं पहाटे. स्टॉपवॉच धरून नव्या पोरांचं टायमिंग घेतं. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतं.