सांत्वनाला जाताना: चपला काढल्यापासून परत घालेपर्यंत

इंदूरातल्या चर्चमध्ये चाळीस वर्षं पाळकपण केलं. रविवारची उपासना हिंदीत, प्रवचन हिंदीत. पण घरात कोणी गेलं की आमची मराठी माणसं रडतात ती मराठीतच. म्हणून सांत्वनाला जाताना मी हिंदी देवळात ठेवून जातो. शेजारची हिंदू मराठी घरंही बोलावतात. ती मला ‘फादर’ म्हणतात. फादर कॅथलिकांचे, मी प्रोटेस्टंट पाळक, असं सुरुवातीला समजावत बसायचो. आता सरळ ओ देतो.

सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतून, नवीन आलेली मुलं विचारतात, “साहेब, तिथं जाऊन बोलायचं काय?” त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाळक नसलात तरी चालेल. दुःखाच्या घरी जाणं कुणाला चुकलंय?

पहिल्या दिवशी जा, पण दहा मिनिटांत निघा. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं. कोणी मंडप बघतंय, कोणी कबरस्तानाचं, कोणी नागपूरहून येणाऱ्या गाडीचं. तुम्ही दिसलात, एवढं पुरे. खरी भेट तिसऱ्या आठवड्यात. पाहुणे गेलेले असतात, सतरंज्या मंडपवाल्याकडे परत गेलेल्या असतात आणि घरात दोनच ताटं मांडली जातात.

वेळ विचारून घ्या. सकाळी नको, इंदूरात सकाळी पोहे-जिलेबीची पुडी येते आणि उगाच तुमचा पाहुणचार सुरू होतो. गेलेला माणूस रोज सहाला कामावरून परतत असेल, तर मी पावणेसहाला पोचतो. त्या वेळी सगळं घर दाराकडे बघत असतं.

मोबाईल स्कूटरच्या डिकीत ठेवा. जाडजूड बायबल बगलेत मारून जाऊ नका, वॉरंट घेऊन आल्यासारखं दिसतं. खिशातलं छोटं पुस्तक बास. आत गेल्यावर लगेच बसू नका. कोणत्या खुर्चीवर कोणीच बसत नाही ते आधी बघा. खिडकीजवळची, हातावर चष्म्याचं घर ठेवलेली. ती त्यांची. आपण मोढ्यावर किंवा खाली बसायचं. चहा आला तर नाही म्हणू नका; त्या बाईला तेवढाच हाताला चाळा मिळतो.

आणि मग गप्प बसा. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं, मालमत्ता सगळं गेलं. त्याचे तीन मित्र आले, तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. नंतर तोंड उघडलं, त्याला शहाणपण शिकवलं आणि शेवटच्या, 42व्या अध्यायात देवाचा राग ओढवून घेतला.

माझंही तेच झालं होतं. नोकरीचं दुसरं वर्ष. एका आईचा तरणा मुलगा गेलेला. मी बसल्या बसल्या म्हणालो, “देवाची इच्छा, बाई.” ती काही बोलली नाही. उठून ओट्याशी गेली, दूध गॅसवर ठेवलं आणि पाठमोरी उभी राहिली. दूध वर आलं, उतू गेलं, बर्नर विझला, तरी ती हलली नाही. मग फडकं घेऊन तिनं ओटा पुसला. बराच वेळ पुसला, एकच जागा. मी प्रार्थना न करताच निघून आलो. त्यानंतर ते वाक्य माझ्या तोंडी आलेलं नाही. ‘तो आता चांगल्या ठिकाणी आहे’ आणि ‘तुम्ही खंबीर राहायला हवं’, ही त्याचीच भावंडं.

बोलायचंच असेल तर गेलेल्याचं नाव घ्या. सगळे ‘ते’, ‘ती’ करत नाव टाळतात. “भाजी आणायला कुठं जायचे?” असं साधं विचारा. लोक हसतातसुद्धा, हसू द्या.

प्रार्थनेआधी “करू का?” म्हणून विचारा. नको म्हटलं तर नको. केली तर चार वाक्यांत संपवा आणि प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका. वाचायला सगळे बायबलमधलं 23वं स्तोत्र काढतात, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ते धीराचं. पण माणूस देवावर चिडलेला असेल तर मी 88वं वाचतो. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. लोक चमकून विचारतात, “असंही लिहिलंय?”

दुःख सोडून वेगळंच काही निघतं, तेव्हा सावध राहा. “कुणाला सांगणार नाही ना?” असं विचारलं तर ऐकण्याआधी शब्द देऊ नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं, पाळकालाही. नवरा मारतो म्हणून सांगणाऱ्या बाईला ‘सहन कर’ सांगून परत पाठवू नका. आमच्या पिढीच्या पाळकांनी हे पाप पुष्कळ केलंय. महिला हेल्पलाइनचा 181 नंबर द्या, राहायची सोय बघा. “जगून काय करू” असं कोणी म्हणालं, तर जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, घरच्या कुणाला तरी जवळ बसवा, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 लावून द्या, डॉक्टरकडे बरोबर जा. प्रार्थना रिक्षातही करता येते.

माझ्याकडे खिशातली डायरी असायची. तिच्यात फक्त आद्याक्षर आणि तारीख, हकीकत कधीच नाही. वर्षानं त्या तारखेला फोन करायचा. पहिला नाताळही लिहून ठेवा. त्या घरी करंज्या करायच्या की नाही, यावरूनच रडारड होते. निवृत्तीच्या आठवड्यात सगळ्या डायऱ्या बंबात घातल्या.

निघताना घाई करू नका. एका घरी बाप चाळीस मिनिटं पंख्याकडे बघत बसला होता. मी उठलो, दारात वाकून सँडलचा पट्टा लावत होतो, तेव्हा मागून म्हणाला, “शेवटचं बोलणं भांडणाचं झालं हो आमचं.” मी सँडल पुन्हा काढली.